शेरा : निराश

आमची व्हॅन सव्वीस वर्षांची आहे आणि तिने माझ्यावर डूख धरलाय, असं माझं पक्कं मत झालं होतं. सकाळी शेडमध्ये किल्ली फिरवली की सेल्फ एका झटक्यात लागायचा. मी कामावर जायची, यायची, वाटेत भाजी घ्यायची, कुठ्ठे म्हणून कुरकुर नाही. पण सोमवारी आणि गुरुवारी दुपारी बाबांना शेजारी बसवून किल्ली फिरवली की 'टक्'. बस्स, एकच टक्. दिवे झगझगीत, हॉर्न खणखणीत आणि सेल्फ ढिम्म.

सोमवार-गुरुवार म्हणजे बाबांचे बोलायला शिकायला जायचे दिवस. सात महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय कसाबसा सावरला, पण शब्द गेले. पस्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेला माणूस, आणि त्याच्याकडे उरले फक्त तीन शब्द : 'हे', 'नाही' आणि 'अर्थ'. तिसऱ्याचं मला नवल वाटलं नाही. तो शब्द त्यांनी आयुष्यभर इतका वापरला होता की झटक्यालासुद्धा तो उपटता आला नसावा. "पाठ करू नकोस, अर्थ सांग," हे मी त्यांच्या तोंडून वर्गातही ऐकलंय आणि घरी जेवताना तोंडात घास असतानाही ऐकलंय.

बाकी त्यांचं डोकं शाबूत होतं. वर्तमानपत्र वाचायचे, छापण्यातली चूक दिसली की डाव्या हाताने बोट ठेवून माझ्याकडे बघायचे, जणू मीच छापलंय.

व्हॅन मूळची बाबांचीच. दर रविवारी ते हत्यारांची पेटी घेऊन तिच्याखाली आडवे व्हायचे आणि आम्हाला फक्त त्यांचे पाय दिसायचे. मी कधी वाकून बघितलं नाही. मला वाटायचं, आठवडाभर मुलांचे निबंध तपासून माणसाला कुठेतरी लपायला जागा हवी असणार.

आता मात्र मला बघणं भाग होतं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे एकच शिस्त : नोंद नाही, तर ते घडलंच नाही. तेव्हा मी एक वही केली आणि रकाने आखले. तारीख, जागा, हवा, किल्ली किती वेळा फिरवली, आवाज कसला आला आणि शेवटी शेरा. सहा आठवड्यांत बाबांच्या बारा फेऱ्या झाल्या. त्यातल्या नऊ वेळा 'टक्', तीन वेळा सेल्फ लागला. त्याच सहा आठवड्यांत शेडमध्ये, कामावर, बाजारात मिळून शंभराच्या वर वेळा किल्ली फिरवली, त्यात एकदाही 'टक्' नाही.

आता बोला!

गॅरेजचा मिस्त्री बाबांचा जुना विद्यार्थी. हुशार माणूस, पण व्हॅन त्याच्या दारात गेली की ती इतकी शहाणी व्हायची की मलाच लाज वाटायची. तो तीस वेळा किल्ली फिरवायचा, तीस वेळा सेल्फ लागायचा. मग तो हात पुसत म्हणायचा, "ताई, हिला काही झालेलं नाही." तरी बिचाऱ्याने माझ्या तोंडाकडे बघून बॅटरी बदलली. सेल्फ खोलून आतले कार्बन बदलले. सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड असतो, तो बदलला. किल्लीचा स्विचही नवा टाकला. आणि पुढच्या सोमवारी आमच्या दारात, बाबांना बसवलं, किल्ली फिरवली, टक्.

"ही सरांनाच घाबरते, ताई," तो फोनवर म्हणाला. "आम्ही सगळे घाबरायचो."

हसण्यावारी नेलं, पण रात्रभर ते डोक्यातून जाईना. बाबा बसले की टक्, बाबा नसले की नाही. मग वजन? बाबांचं वजन ऐंशी किलो. मी काय केलं, प्रयोगशाळेतून वीस-वीस लिटरचे चार कॅन भरून आणले, शेडमध्ये बाबांच्या सीटवर रचले आणि वरून पट्टा लावला. किल्ली फिरवली. मेला सेल्फ लगेच लागला! शेजारचे वकील कुंपणावरून बघत होते. त्यांनी कॅनना नमस्कार केला आणि मला विचारलं, "पाहुणे कुठले?"

वकिलांना मी काही बोलू शकत नव्हते, कारण दर वेळी धक्का मारायला तेच यायचे. पद्धत ठरलेली होती. आमचा ओटा उंच आणि व्हॅन बसकी. बाबांना पाय कमी उचलावा लागावा म्हणून मी व्हॅनची ओट्याकडची दोन चाकं फुटपाथवर चढवायची, मग दार बरोबर ओट्याला लागायचं. बाबा आत बसायचे. मी किल्ली फिरवायची. टक्. मग वकील सपाता फटफटवत यायचे, व्हॅन खाली रस्त्यावर ढकलायचे, धक्क्यावर ती सुरू व्हायची आणि ते कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "निकाल आपल्या बाजूने."

एका गुरुवारी वकील कोर्टातून आले नव्हते. मी वैतागून ब्रेक सोडला, व्हॅन आपली आपण फुटपाथवरून खाली घरंगळली, आणि सवयीने किल्ली फिरवली तर सेल्फ लागला. तेही मी इमानेइतबारे लिहून ठेवलं. त्यातून काय घ्यायचं ते मात्र कळलं नाही.

पण माझी झोप उडाली होती ती व्हॅनमुळे नाही. दर 'टक्'नंतर बाबा काय म्हणायचे, त्यामुळे.

पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनी मान वर केली, नाक फुलवलं, थोडं थांबले आणि एकेक अक्षर तोंडातून ओढून काढल्यासारखे म्हणाले, "अर्थ... नाही."

झटक्यानंतर दोन शब्द जोडून ते पहिल्यांदाच बोलले होते, आणि बोलले ते हे! मी त्यांचा हात धरला. "असं नका म्हणू बाबा. आहे. अर्थ आहे."

"नाही," बाबा म्हणाले.

"आहे हो!"

"नाही!" त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली.

असं नऊ वेळा. मी रडवेली होऊन 'आहे' म्हणायची आणि ते लालबुंद होऊन 'नाही' म्हणायचे. एकदा तर त्यांनी डाव्या हाताचं बोट माझ्या पायांकडे रोखलं, "हे, हे" करत. त्यांना मी चपला घालून गाडी चालवलेली कधीच आवडली नव्हती. मी निमूट घरात जाऊन बूट घालून आले, तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. दर वेळी मी घरी येऊन वही उघडायची आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायची : 'बाबा म्हणाले, अर्थ नाही. निराश.'

बोलायला शिकवणाऱ्या मॅडम भल्या आहेत. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या, कप, छत्री, मांजर, आणि बाबा भिंतीकडे बघत बसायचे. सहाव्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी मला बाहेर बोलावलं. "रोग्याची स्वतःची इच्छा नसेल तर आमचा फार उपयोग होत नाही. माझ्याकडे दहा जण वाट बघतायत. सोमवारपर्यंत विचार करून सांगाल?"

मी दादाला, माझ्या मोठ्या भावाला, फोन केला. तो लांब राहतो, पण बाबांवर त्याचा जीव आहे. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "बाबांनी जन्मभर शब्द तोलून वापरले. आता तीन उरलेत, त्यातले दोन वापरून ते सांगतायत की यात अर्थ नाही. आणखी किती स्पष्ट सांगायचं गं त्यांनी? नको ओढत नेऊस."

मला त्याचा भयंकर राग आला, कारण त्याचं म्हणणं मला पटत होतं. पण शब्द परत यायचे तर ते पहिल्या वर्षभरातच येतात, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता सोडलं तर बाबा त्या तीन शब्दांतच राहणार, हे मला ठाऊक होतं. रविवारभर मी मॅडमना पाठवायचा निरोप लिहीत होते आणि खोडत होते. शेवटी ठरवलं, सोमवारी एकदा नेते आणि तिथेच तोंडाने सांगते की आता येणार नाही.

आणि व्हॅनचं? तो राग वेगळा होता. हरले तरी का हरले ते मला कळायलाच हवं होतं. मी मिस्त्रीला सांगितलं, "व्हॅन तुमच्याकडे येऊन शहाणपणा करते ना? मग सोमवारी तुम्हीच आमच्याकडे या. दोन वाजता. मी करते ते सगळं उभं राहून बघा."

तो आला. बाबांना बघून त्याने आधी शर्टाची वरची गुंडी लावली. मी नेहमीप्रमाणे चाकं फुटपाथवर चढवली, बंद केलं, बाबांना ओट्यावरून आत घेतलं. मिस्त्री माझ्या खिडकीशी वाकून उभा राहिला. वकील सपाता घालून तयारीत. मी किल्ली फिरवली.

टक्.

बाबांनी नाक फुलवलं आणि डॅशबोर्डवर थाप मारली. "अर्थ नाही!"

मी नेहमीचं 'आहे हो बाबा' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मिस्त्री अगदी सहज, चहात साखर किती विचारावं तसं म्हणाला, "कुठला सर? बॅटरीचा का इंजिनाचा?"

बाबा गर्रकन वळले. इतक्या वेगाने वळलेले मी त्यांना सात महिन्यांत पाहिलं नव्हतं. "हे!" त्यांचं बोट पुन्हा माझ्या पायांकडे. "हे, हे, हे!"

"ताई, पाय काढा जरा." मिस्त्रीने दार उघडलं, खाली वाकून ॲक्सिलरेटरच्या पेडलमागे हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. "आई गं! भाजलं की!"

"काय भाजलं?"

"केबल. तापलीये. वास नाही येत तुम्हाला, प्लॅस्टिक जळाल्यासारखा?"

येत होता. सहा आठवडे येत होता, आणि मी तो वकिलांच्या कचरा जाळण्याच्या खात्यावर टाकत होते. पेडल हल्ली जड लागतंय हेही जाणवलं होतं. दोन्ही गोष्टींची वहीत नोंद नाही. म्हणजे आमच्या शिस्तीप्रमाणे त्या घडल्याच नव्हत्या.

"आता नीट सांगाल का काय झालं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"सर सांगतायत ना, अर्थ नाही म्हणून! अर्थिंग हो ताई. बॅटरीतून करंट सेल्फला जातो, पण त्याला परत यायला वाट लागते की नाही? इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तारेची विणलेली पट्टी असते, ती त्याची परतीची वाट. तिला आम्ही अर्थ म्हणतो. ती तुटली की करंट दुसरी वाट शोधतो. इथे त्याला ही केबल सापडली. एवढीशी केबल, एवढा करंट, तापेल नाही तर काय. त्यातून टक् होण्यापुरता जातो, सेल्फ फिरवायला पुरत नाही."

मी बाबांकडे बघितलं. बाबा समोर बघत होते, आणि वर्गात उशिरा का होईना कुणीतरी बरोबर उत्तर दिल्यावर त्यांचा जसा चेहरा व्हायचा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मिस्त्रीने त्याच्या गाडीतून जाड वायर आणली. एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकाला, दुसरं थेट इंजिनाला चिमट्याने लावलं. "मारा सेल्फ." मी मारला. लगेच लागला! वायर काढली, टक्. लावली, लागला. वकील म्हणाले, "पुरावा भक्कम आहे," आणि आपल्याला धक्का मारायला मिळणार नाही म्हणून जरा हिरमुसले.

मग मिस्त्री टॉर्च घेऊन खाली शिरला आणि तिथूनच सांगू लागला. पट्टी बोल्टापाशी जवळजवळ पूर्ण तुटली होती, वर तेलाच्या घाणीचा थर असल्यामुळे दिसत नव्हती. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं म्हातारी झालीयेत. व्हॅन सपाट उभी असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकून असतात आणि काम चालतं. एका बाजूची चाकं फुटपाथवर चढवली की इंजिन दुसरीकडे झुकतं आणि टोकं बहुतेक वेळा सुटतात.

"म्हणजे तुमच्या गॅरेजात..."

"सपाट फरशी. मीटर लावून बघितलं होतं मी, सगळं ठणठणीत." तो खालून पुढे म्हणाला, "सरांनी मला नववीत दोनदा नापास केलं होतं. हे तिसऱ्यांदा."

म्हणजे ती बाबांना घाबरत नव्हती. बाबांसाठी तिला मी वाकडी उभी करत होते, एवढंच. घरंगळून खाली आल्यावर सेल्फ लागला ती नोंद तर माझ्याच हातची होती. उत्तर माझ्या वहीत दोन आठवडे पडून होतं.

पण मी त्याबद्दल नव्हते चरफडत. नऊ वेळा एका माणसाने, ज्याच्याकडे तीनच शब्द आहेत, त्यातल्या दोन शब्दांत मला अचूक बिघाड सांगितला होता. आणि नऊही वेळा मी त्याचा हात धरून, डोळ्यांत पाणी आणून त्याला सांगितलं होतं की तू चुकतोयस. वर बूट घालून आले होते!

"बाबा," मी म्हटलं, "अर्थ नव्हता. तुमचंच बरोबर होतं."

बाबा हसायला लागले. तोंड एका बाजूनेच हलत होतं, पण खांदे दोन्ही बाजूंनी हलत होते. हसता हसता त्यांचं लक्ष डॅशबोर्डवरच्या माझ्या वहीकडे गेलं. "हे," ते म्हणाले.

द्यावी की नको असं झालं मला. पण दिली. त्यांनी ती मांडीवर उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. तारीख, जागा, हवा. कॅनची नोंद वाचून भुवई वर गेली. मग ते शेऱ्याच्या रकान्याशी आले आणि थांबले. आमच्या साहेबांनी ती वही बघितली असती तर माझी सालटी काढली असती. बाबा काय म्हणाले, हे निरीक्षण. 'निराश' हा माझा निष्कर्ष. तो त्या रकान्यात बसवायची परवानगी मला कुणी दिली होती?

बाबांनी माझ्या खिशातलं पेन काढलं. डाव्या हाताने लिहायची सवय नाही, पेन थरथरत होतं. त्यांनी 'अर्थ नाही' हे शब्द तसेच ठेवले आणि पुढच्या 'निराश'वर आडवी रेघ मारली. पान उलटलं, दुसरा खोडला, मग तिसरा. वाकड्यातिकड्या रेघा, पण एकही शब्दाच्या बाहेर गेली नाही. मी मोजत होते. नऊ झाले.

वहीत 'निराश' दहा वेळा होतं. दहावी नोंद अशी होती : 'सेल्फ पहिल्या किल्लीला लागला. बाबा जाता-येता एकदाही काही बोलले नाहीत. निराश.' त्या दिवशी मॅडमनी त्यांना कपाचं चित्र दाखवलं होतं. बाबांनी कपावर बोट ठेवल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, लहान मुलासाठी वाजवतात तशा.

बाबांनी पेन त्या शब्दावर टेकवलं. रेघ मारली नाही. माझ्याकडे बघितलं.

"हे बरोबर आहे?" मी विचारलं.

"हे," बाबा म्हणाले, आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

मी तिथेच ओट्यावर बसून मॅडमना फोन केला. म्हटलं, पट्टी बसायला वेळ लागेल, आज उशीर होईल, पण आम्ही येतोय. गुरुवारीही येणार, आमची वेळ कुणाला देऊ नका. आणि रागावणार नसाल तर कपाची चित्रं नकोत. मी त्यांची हत्यारांची पेटी आणते आणि मुलांच्या चुका असलेले जुने निबंध आणते, त्यावरून विचारा. मॅडम म्हणाल्या की निबंध त्यांनाही वाचायला आवडतील.

"ताई," व्हॅनखालून आवाज आला. मिस्त्रीचे फक्त पाय दिसत होते. "सरांची पेटी आहे ना तिथे? बाराचा पाना द्या."

मी सीटमागची पेटी उघडली. सगळे पाने मला सारखेच दिसतात. हाताला लागला तो काढला आणि द्यायला वाकले.

"नाही," बाबा आतून म्हणाले.

मी वाद घातला नाही. तो ठेवला आणि दुसरा काढला.